नंबर न सांगणारी बाई

सन १९८८. पोळ्याचा आदला दिवस, दुपार. स्थळ : वर्ध्याच्या एका सरकारी कार्यालयातली पूरनियंत्रणाची खोली. हजर : मी, संगणकाचे साहेब आणि शिपाई. बाकीचे सणासाठी गावी गेलेले.

खोलीत नवा संगणक होता. साहेबांनी त्याला फोन आणि टेप जोडली होती. कळ दाबली की यंत्र नदीकाठच्या गावांना एकामागून एक फोन लावायचं, आणि कोणी उचलला की टेपवरचा निरोप ऐकवायचं. आवाज माझा होता. "वरून पाणी सोडलं आहे. नदीत उतरू नका. गुरं वर काढा."

त्या दिवशी खरंच धरणातून पाणी सोडलं. साहेबांनी कळ दाबली. थोड्या वेळाने कागद बाहेर आला; प्रत्येक गावापुढे 'पोहोचला'.

"झालं बाई तुमचं काम," साहेब म्हणाले. "चहा मागवा."

चहा मागवला, पण बसवेना. रोहणा गावाच्या पुढे नदीकाठी माझं माहेर. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी; गावचे सगळे बैल नदीत धुतात, मग त्यांचे खांदे हळद-तुपाने चोळतात. माझा धाकटा भाऊ या वेळी कमरेएवढ्या पाण्यात असणार. गावातला एकमेव फोन पोस्टमास्तरांच्या घरी. निरोप पोहोचला, पण ऐकला कोणी? मी खिडकी लावली, पुन्हा उघडली. शेवटी स्वतःच फोन फिरवला.

त्या बाजूचं एक्सचेंज हाताने चालायचं. आधी ऑपरेटर बोलणार, त्याला गावाचा नंबर सांगायचा, मग तो जोडून देणार.

"नंबर?"

"दादा, पूरनियंत्रणातून बोलते..."

"तुम्हीच का त्या! अवो बाई, मघापासून डोकं खाऊन राह्यल्या माह्यं. मी विचारतो नंबर कोणता पाह्यजे, तुम्ही नदीचीच कथा लावता. मी ठेवतो, तुम्ही पुन्हा हजर!"

"ती मी नव्हते. टेप होती."

"मंग टेपले सांगा ना नंबर बोलाले!"

मी साहेबांकडे पाहिलं. फोन उचलला गेला एवढंच यंत्राला कळत होतं. कोणी उचलला ते नाही.

"दादा, निरोप खरा आहे. पोस्टमास्तरांचं घर द्या, लवकर." मी गावाचा नंबर सांगितला.

त्याचा आवाज एकदम उतरला. "थांबा, लावतो."

पोस्टमास्तरांच्या बायकोने उचलला. मास्तरही बैल घेऊन नदीवरच होते. माझं बोलणं पुरतं ऐकायच्या आत तिने फोन तसाच टाकला. दार आपटल्याचा आवाज आला, मग लांब जाणाऱ्या तिच्या हाका. मग काहीच नाही. ऑपरेटर लाइन धरून होता.

मग भावाचा आवाज, धापा टाकत. "ताई, निघालो सारे. आपला ढवळा निघतच नव्हता, शेपूट पिळलं तवा हलला."

"घाटावर कोणी उरलं नाई ना?"

"नाई. पाणी चढून गढूळ लाल होऊन राह्यलं आता. तू काऊन रडून राह्यली?"

"रडत नाई. ठेव."

तो ठेवतो न ठेवतो तोच ऑपरेटर मध्ये बोलला. "बाई, तुमची टेप माह्याशी लई खेपा बोलली. आणखी कोणती गावं होती?"

त्याच्या एक्सचेंजवरची सगळीच. मी संगणकाचा कागद पुढे ओढला.

"बोला, पुढचा नंबर."

खालच्या अंगाची गावं अजून तशीच राहिली होती, आणि तिथेही आज खांदशेकणीच होती.