चाचीच्या चक्कीवरची मालिका

चक्कीवरच्या चाचीला टीव्हीचा आवाज लागत नसे. असून उपयोगही नव्हता. दुसरबीडला आमच्या गल्लीच्या टोकाला तिची पिठाची चक्की होती. एकदा पट्टा फिरायला लागला की शेजारी उभ्या बाईचं बोलणं ऐकू यायचं नाही, तिथं कोपऱ्यातल्या फळीवरच्या टीव्हीचं काय ऐकणार! तरी दुपारी मालिकेचा आदल्या दिवशीचा भाग पुन्हा लागायचा, नेमकी तीच वेळ साधून बायका दळणाचे डबे घेऊन यायच्या. कारण मालिकेतल्या एकूणएक माणसाचं बोलणं चाची स्वतः बोलायची. दळण ओतता ओतता, पीठ चिमटीत धरून पाहता पाहता, चक्कीच्याही वर आवाज काढून. गळाच तसा होता तिचा.

पडद्यावर भरजरी साडीतली सासू डोळे मोठे करायची की चाची म्हणायची, "काऊन वं, तुह्या बापानं भांडे घासाले संगं बाई नाही देल्ली का?" आणि लगेच सुनेच्या आवाजात, "देत होते, पण तुमचं तोंड पाहून ते वापस गेली!" बायका हसून हसून डब्यावरून घसरायच्या. पूजेचा प्रसंग आला की चाची सांगायची, "आता आरती हाय, लई वेळ चालते. ज्याईचा नंबर हाय त्याईनं डबे पुढं घ्या." खरी माणसं पडद्यावर काय बोलत होती ते आम्हाला कधीच कळलं नाही, आणि त्यावाचून कोणाचं काही अडलंही नाही.

दळणाला सगळ्या गावाच्या बायका यायच्या. त्यात वत्सलामावशी होत्या, दोन घरची धुणीभांडी करायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "चाची, एवढ्या मोठ्या घरात भांडे कोण घासते वं? कधी कोणी दिसत नाही." चाचीनं मान वर करून नीट पाहिलं. पडद्यावर मागे भिंतीशी एक पोरगी ट्रे धरून उभी होती, तिच्याकडे आजवर कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. त्या दिवसापासून चाची तिचंही बोलू लागली. "सकाळपासून उभी हाय मी. एवढे सोफे हाएत, पण मले कोणी बस नाही म्हनलं." एका बड्या घरच्या बाईला ते भलतंच लागलं. आपल्यालाच टोमणा मारला म्हणून तिनं दुसऱ्या चक्कीवर दळण न्यायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी परत आली, कारण तिथलं पीठ जाड यायचं. चाचीनं तिचा डबा रांगेत लावला.

मी त्या गावात सून म्हणून आले ती डोणगावहून, नर्सिंगचं एक वर्ष पुरं करून. दुसरं वर्ष लग्नानंतर करू द्यायचं, असं बोलणीत ठरलं होतं. माझ्या वडिलांनी चार माणसांसमोर तसा शब्द घेतला होता. लग्न झालं, हळद उतरली आणि तो विषयच घरातून नाहीसा झाला. नवऱ्याला विचारलं तर म्हणायचे, "आईले विचार." सासूबाईंना विचारायची माझी हिंमत होत नसे. कॉलेज सुरू होऊन आठवडा झाला. मैत्रिणीचा फोन आला, येत्या सोमवारपर्यंत हजर नाही झालीस तर नाव कापतील. मी फोन ठेवला, मोरीत जाऊन रडले आणि तोंड धुऊन पोळ्या लाटायला बसले. दुसरं काय करणार होते?

त्याच आठवड्यात सासूबाई आणि मी दळण घेऊन गेलो. त्या मला कुठंही एकटी पाठवत नसत. टीव्हीवर सून पलंगावर पडून रडत होती, तिची सासू दारात उभी. चाचीनं सासूचं एक वाक्य म्हटलं आणि एकदम माझ्याकडे वळली. "माह्या घशात कोंडा गेला बाई. सुनेचं तू बोल."

सगळ्या बायका बघत होत्या. पण चक्की एवढी गरजत होती की वाटलं, कोणाला काय ऐकू जाणार आहे! डोक्यावरचा पदर धरून मी ओरडले, "आई, लग्नाच्या आधी तुम्ही हो म्हटलं होतं. मला सोमवारी कॉलेजात जायचंय!"

टीव्हीतली सून गृहिणी होती, तिला कसलं कॉलेज! पण कोणी हसलं नाही. चाची पडद्यावरच्या सासूचं काही बोलणार, तेवढ्यात माझ्या सासूबाईच उठल्या. टीव्हीकडे तोंड करून त्यांनी सुरू केलं, "हो म्हनलं होतं, तं काय झालं? होस्टेलात राहशीन तं लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, "लोक दवाखान्यात येतील तेव्हा मलाच ताई म्हणतील!" त्या म्हणाल्या, "घरचं कोण करन?" मी म्हटलं, "मी यायच्या आधी कोण करत होतं?" अरे बापरे! ते मी बोलले यावर माझा अजून विश्वास बसत नाही. टीव्हीवर केव्हाच साबणाची जाहिरात लागली होती आणि आम्ही दोघी त्या साबणाशी भांडत होतो.

चाचीनं चक्कीचं बटण बंद केलं. पट्टा थांबला. सासूबाईंना ते कळलंच नाही. त्या होत्या त्याच आवाजात ओरडल्या, "अन् शिकून मोठी झाली, अन् माह्या बारावी नापास पोराले सोडून गेली तं?"

मग चक्की बंद असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. सासूबाई मटकन डब्यावर बसल्या. मला त्यांची इतकी दया आली, की काय सांगू! एवढे दिवस मी त्यांना खाष्ट समजत होते, आणि ही बाई मनातून मलाच घाबरून होती. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "दर शनिवारी येईन." त्या पदरानं डब्यावरचं पीठ पुसत राहिल्या. "पीठ गरम होऊन राह्यलं होतं, म्हनून बंद केली," असं चाची उगाचच सगळ्यांना सांगत होती.

सोमवारी पहाटे सासूबाईंनी माझी पिशवी भरली आणि मुलाला म्हणाल्या, "इले एसटीत बसवून दे. शनिवारी आनाले जाजो." मी शिकले. आता साखरखेर्ड्याच्या बाजूला नर्स आहे. नवऱ्याला सोडलं नाही हे वेगळं सांगायला नकोच.

पहिल्या पगाराला चाचीकडे पेढे घेऊन गेले. तिनं एक पेढा घेतला आणि म्हणाली, "मले काऊन? मी तं टीव्हीतल्या बाईले बोलून राह्यली होती." मग चक्कीवर कोणी नाही असं पाहून म्हणाली, "माह्या पोरीले, तबस्सुमले, मी बारावीतून काढलं होतं. जालन्याचं स्थळ आलं म्हनून. आठ दिवस रडली. मी म्हनलं, पोरी रडतेतच. रडनं म्हंजे हो नसते, हे मले टीव्हीतल्या पोरी पाहून समजलं. घरची पोरगी पाहून नाही समजलं."

"मग तिला सांगा ना हे," मी म्हटलं.

"कोन्त्या तोंडानं सांगू?" एवढं बोलून ती पिठाचा खोका झाडायला लागली. मला रागच आला. अख्ख्या मालिकेचं बोलणारी बाई, आणि पोटच्या पोरीशी चार वाक्यं बोलवत नाहीत! नंतर दोनतीनदा मी विषय काढला. प्रत्येक वेळी तिला काहीतरी काम आठवायचं.

गेल्या वर्षी चाची गेली. मी भेटायला गेले तेव्हा तबस्सुम आतल्या खोलीत बायकांमध्ये बसली होती. मला पाहून म्हणाली, "तुम्हीच त्या नर्स ना? अम्मी सारखं तुमचं कौतुक सांगायची. मला वाटायचं, दुसऱ्याची पोरगी शिकलेली बरी चालते हिला."

मी तिच्याजवळ बसले आणि चाची जे बोलली होती ते सगळं सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "पुन्हा एकदा सांगा. अम्मी जसं बोलली तसंच सांगा."

मी पुन्हा सांगितलं.