बारा ओळींचा हुकूम

माझे बाबा, ऐनुल्लाह, तेहरानच्या लष्करी मुख्यालयात टंकलेखक होते. सव्वीस वर्षं. अंगावर गणवेश असला तरी भरतीनंतर त्यांनी बंदूक हातात धरली नव्हती. जनरल दादबीन यांची सगळी पत्रं तेच टाइप करायचे. साहेब खिडकीबाहेर बघत मजकूर सांगायचे. ते कधी आपल्याकडे बघून बोलल्याचं बाबांना आठवत नव्हतं.

शाह देश सोडून गेले त्याला महिना होत आला होता. बहमन महिन्याच्या बावीस तारखेला, म्हणजे १९७९च्या फेब्रुवारीत, शाहविरोधी लोक छावण्यांत शिरून शस्त्रं उचलत होते. मीही रस्त्यावर होते. बाबांना ते ठाऊक होतं. त्यावरून आमचं बोलणंच बंद झालं होतं.

सकाळी साडेदहाला सगळे सेनापती एका खोलीत जमले. बाबांना यंत्रासकट शेजारच्या खोलीत बसवलं. शहरावर रणगाडे सोडायचा हुकूम निघणार, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. माझा विचार मनात आला, तरी त्यांनी यंत्रात कागद घातला.

तासाभरानं दादबीन बाहेर आले आणि चक्क खुर्ची ओढून बाबांसमोर बसले.

"ऐनुल्लाह, तुझ्या घरचं कुणी बाहेर आहे?"

खोटं बोलायचं होतं, पण तोंडातून खरंच निघालं. "मुलगी आहे, साहेब."

"माझीपण," ते म्हणाले. "घे, लिही."

रक्तपात टळावा म्हणून सैन्य कुणाचीच बाजू घेणार नाही, सगळ्या तुकड्यांनी छावणीत परतावं. संपलं. बारा ओळी. बाबांनी सवयीनं खाली टाइप केलं, 'शाह चिरायू होवोत.'

दादबीननी कागद बघितला. "ती ओळ नको."

"साहेब?"

"ती ओळ नको म्हणतोय. नवा कागद घाल."

बाबांनी नवा कागद घातला. मग आत एकेकानं सही केली. कुणाच्या तरी पेनातली शाई संपली, तर दोन जनरल एका पेनासाठी हुज्जत घालत राहिले. अडीच हजार वर्षांची राजेशाही म्हणत होते ना? ती अशी गेली आणि चहासुद्धा निवला नव्हता, असं बाबा सांगायचे.

दुपारी रेडिओवर तो मजकूर वाचला गेला. रस्त्यावर शिपाई टोप्या काढून लोकांच्या गळ्यात पडत होते. मी ओरडून ओरडून घसा बसवून घरी आले, तर बाबा गणवेशातच जमिनीवर बसलेले.

"बाबा, ऐकलंत का? सैन्य बाजूला झालं!"

"मीच टाइप केलं."

"थट्टा करू नका हो."

"फरंगीस, मला बारा मिनिटंही लागली नाहीत." त्यांनी टोपी काढून जमिनीवर ठेवली. "पाच महिन्यांपूर्वी, शहरिवरमध्ये, सैन्यानं चौकात लोकांवर गोळ्या चालवल्या तेव्हाही मी त्याच यंत्रावर बसलो होतो. समोरच्या घरातल्या सुरैयाचा भाऊ गेला. तेव्हा का नाही कुणी माझ्यासमोर खुर्ची ओढली?"

आई जेवायला हाक मारत राहिली. ते उठले नाहीत.

दादबीनना नव्या राजवटीनं आठवड्याच्या आत पकडलं. बाबांना वाटत होतं, त्या सहीमुळे ते सुटतील. एका सकाळी गोळी घातलेल्यांचे फोटो वर्तमानपत्रात आले, त्यात ते होते. बाबांनी तो फोटो चष्मा लावून बघितला, काढून बघितला. "पण त्यांनी सही केली होती," एवढंच म्हणाले.

नंतर मोहल्ल्याच्या क्रांती समितीनं बाबांना बोलावून घेतलं. दाढीवाला तरुण म्हणाला, "काका, तुम्ही क्रांतीची सेवा केलीत." त्याच आठवड्यात बसमध्ये एक जुना सहकारी भेटला. तो म्हणाला, "गद्दार!"

नोकरी गेली. पुढे ते कोर्टाच्या फाटकाशी छोटं टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करू लागले. तुरुंगातल्या मुलाला भेटू द्या, कबर कुठे आहे ते सांगा, असे अर्ज. समोर कुणी येऊन उभं राहिलं की बाबा आधी त्याला बसायला स्टूल देत, नाव विचारत, घरी कोण कोण आहे ते विचारत. मगच कागद घालत.