राहिलेली रेघ

नवसाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते दिंडोरीच्या द्राक्षबागेच्या बांधावर. छाटणीचे दिवस होते, सत्याण्णव साल असेल. आम्ही संघटनेवाले मजुरांची बैठक घ्यायला गेलो होतो आणि ही बाई खापरीने जमिनीवर वाघ-बकरीचा पट आखत बसली होती. उभ्या-आडव्या रेघा, मग तिरक्या. मी वरून बघितलं आणि बोललोच, "मावशी, एक रेघ राहिली. ह्या कोपऱ्याला तिरकी."

"राहिली नाय. आमचा पट असाच हाय."

"असा कुठं पट असतो?"

"पेठंला ये, दाखवते. संघटना शिकवायला आला का वाघ-बकरी?"

बाया हसल्या. मला राग आला, पण पुढे कळलं ते खरंच होतं. तिच्या बापाने पेठच्या घरासमोरच्या दगडावर विळ्याच्या टोकाने पट कोरला होता. दगडाचा एक कोपरा फुटका, तिथे तिरकी रेघ बसली नाही. नवसाबाई आणि तिचा भाऊ लहानू त्यावरच खेळून मोठे झाले. त्या कोपऱ्यात वाघाला बकरीवरून तिरकी उडी नाही, हा त्यांच्या घरापुरता कायदा. लहानू नेहमी बकऱ्यांकडून खेळायचा आणि त्याच कोपऱ्याच्या आडोशाला बकरी नेऊन बसवायचा. ही चिडायची, "भित्र्या, बाहेर ये!"

त्याच हंगामात, घरी जाऊन परत कामावर येताना, लहानू नाहीसा झाला. पेठच्या फाट्यावर मुकादमाचे दोन टेम्पो उभे होते. ही एकात चढली, भाऊ दुसऱ्यात. दुसरा दिंडोरीला पोचलाच नाही. मुकादम म्हणाला, "गडी वाटेत उतरला." मी त्याची कॉलर धरली, पोलीस चौकीत आवाज चढवला. उत्तर एकच, मोठा माणूस आहे, येईल. लहानूला लिहिता येत नव्हतं, हिला वाचता येत नव्हतं. मग ही जिथे कामाला जाईल तिथे पट आखू लागली. बांधावर, बसथांब्याच्या कट्ट्यावर, विहिरीच्या कठड्यावर. कोपरा तसाच उघडा ठेवून.

"त्यानं बघितला तर वळखील," म्हणायची.

सात-आठ वर्षं गेली. एकदा मोर्च्याच्या कामाने आम्ही देवळाली कॅम्पला उतरलो. बाजारात पिंपळाच्या पारावर फरशीत कोरलेला पट होता. नवसाबाई चालता चालता थांबली. पट पूर्ण होता, पण एका कोपऱ्याची तिरकी रेघ कोरलेली नव्हती, खडूची होती.

शेजारी फकिरा नावाचा म्हातारा कांदे विकत होता. तिने विचारलं, "बाबा, ही रेघ कुणाची?"

"माझी. एक मजूर गडी पट कोरून गेला, पण अर्धवट. रेघ राहिली म्हटलं की अंगावर यायचा. आमचा पट असाच हाय, म्हणायचा. तो गेल्यावर मीच ओढली. रोज पुसते, रोज ओढतो."

"कधी गेला?"

"दोन पावसाळे झाले, बाई. कुठं गेला, नाय सांगितलं."

नवसाबाईने पदराचं टोक थुंकीने ओलं केलं आणि ती रेघ पुसली. घासून घासून पुसली. फकिरा ओरडला, "अगं, खेळ मोडतो!" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा कांद्यांकडे वळला.

तिने एक खडा उचलून कोपऱ्याच्या आडोशाला ठेवला. लहानूची बकरी. मग समोर दुसरा खडा ठेवला, तो तिचा वाघ.

त्यानंतर कुठूनही कुठेही जायचं असलं तरी ती वाट वाकडी करून कॅम्पला जायची. एकदा मी सोबत होतो. पार झाडून काढलेला, पटावर एकही खडा नाही. झाडूवालीनं नेले असतील, पोरांनी फेकले असतील, हे मला दिसत होतं. तोंडाशी आलं होतं.

नवसाबाई खाली बसली. नवे खडे उचलून बकरी जागेवर ठेवली. वाघ मात्र आधीपेक्षा एक घर मागे ठेवला.

"हे काय?" मी म्हटलं.

"भितो तो," ती म्हणाली. "जरा वाट दिली त बाहेर येईल."