सामानखोलीतून नव्या बॅचला मुबारकबाद

फिल्म कॉलेजच्या सामानखोलीत बसून मला लई वर्षं झाली. कॅमेरे, स्टँड, लाइटी सकाळी पोरांना द्यायच्या, सांजच्याला परत घ्यायच्या. सामान परत येतं, किस्से मात्र पोरं माझ्याकडंच टाकून जातात. ते कुठल्या कपाटात ठेवू? शाळा मी शिकलो नाय, अक्षरं पेट्यांवरच्या चिठ्ठ्या बघून लागली. आता जुन्या पोरांचं फर्मान आलंय, "रशीदचाचा, यंदाची बॅच पास होऊन आपल्यात आली, मुबारकबाद तुम्हीच लिहा!" म्हणून लिहितोय, सावकाश.

सामान बाहेर गेलं की माझा जीव टांगणीला. लोकांना वाटतं, चाचाला कॅमेऱ्याची काळजी. कॅमेऱ्याचा विमा असतो हो! पोरांचं काय?

*

एकदा चार पोरं देवगाव रंगारीला शूटिंगला गेली. कॅमेऱ्याची ट्रॉली ज्यावरून पळवतात तो लांब लोखंडी रूळ धूळ लागू नये म्हणून पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला. चौघांनी तो खांद्यावर घेतला आणि गावातून निघाले, माना खाली.

दुकानदारांनी शटरं अर्धी खाली ओढली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून विचारलं, "कोण गेलं रं बाबा?"

पुढचा पोरगा रडवेला होऊन म्हणाला, "अजून कुणी नाय आजोबा. पण रूळ वाकलाय. चाचाला कळलं की आम्हीच जाणार!"

मी कधी कुणावर हात उगारला नाय. तरी माझं नाव असं!

*

दौलताबादला दुसरीच गंमत. हिरोनं किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू खायचा, असा सीन. अर्धा खाल्लेला पेरू जपून ठेवायचं काम एका पोरीकडं होतं, कारण पुढच्या शॉटला तोच पेरू, तेच दातांचे ठसे पायजेत. तेवढ्यात माकड आलं आणि पेरू घेऊन गेलं.

मग काय! टोपलीभर पेरू घेतले. मोबाइलमधल्या फोटोत बघून सगळी पोरं एकेक घास चावायला बसली. जमलं तर ठीक, नाय तर पेरू बाजूला.

पेरूवाली मावशी शेवटी काकुळतीला आली, "लेकरांनो, एक तरी गोड निघाला का रं?"

*

कॉलेज सोडताना सामान परत दिल्याची माझी सही लागते. मागं एक पोरगा आला, म्हणाला, "चाचा, लवकर करा, गाडी आहे."

"कितीची?"

"परवा सकाळची."

मी त्याच्या वायरी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

*

आता यंदाचं. ह्यानं माझी झोप उडवली होती.

आमच्याकडं निरोपाच्या दिवशी एक रिवाज आहे. पास झालेल्याचं नाव, शॉटच्या आधी वाजवतात त्या क्लॅपच्या पाटीवर खडूनं लिहितात आणि जुना विद्यार्थी ती पाटी त्याच्यासमोर वाजवतो. टक्! झाला तो जुन्यांतला. यादी आधी कुणालाच दाखवत नाहीत. नाव पुकारलं नाय, तर समजायचं वर्ष गेलं.

करमाडची वैशाली. तिची आई कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. पोरीनं आईवरच फिल्म काढली. आईला रजा एकाच दिवसाची. त्या दिवशी नवी साडी नेसून आई दिवसभर कॅमेऱ्यासमोर. कॅमेऱ्यावर इमरान, तिच्याच वर्गातला.

दुसऱ्या दिवशी दोघं माझ्या दारात. इमरान म्हणाला, "चाचा, बटन उलटं पडलं. ॲक्शन म्हटलं की कॅमेरा बंद, कट म्हटलं की चालू! दिवसभर तसंच. कॅमेरा चालू असल्याचा लाल दिवा उन्हात दिसलाच नाय."

म्हणजे आईचं काम एक सेकंदही नाय. नुस्तं मधलं. आई पदरानं घाम पुसतेय, पोरांना पोळी खा म्हणतेय, आपलेच पाय दाबतेय, इमरानच्या शर्टाचं बटन लावून देतेय.

"आता?" मी विचारलं.

"जे हाय तेच जोडून देते," वैशाली म्हणाली. "दुसरं हाय काय?"

परीक्षक फिल्म बघून बाहेर आले. मी दाराशीच होतो. चहा विचारला, तर नको म्हणाले. मी म्हटलं, संपलं.

निरोपाच्या दिवशी आई तीच साडी नेसून पहिल्या रांगेत. नावं पुकारली जातायत, टक्, टक्. इमरानचं नाव आलं, तर पोरगा उठेचना. "आधी तिचं येऊ द्या!" पोरांनी ढकलून वर पाठवला. पाटी वाजली, तरी त्याची नजर वैशालीकडंच. पुकारणाऱ्याच्या हातातला कागद संपत आला.

अगदी शेवटी नाव आलं. वैशाली!

कॉलेजचे मोठे सर म्हणाले, हिची फिल्म सगळ्यांनी आत्ताच बघायची. दिवे बंद झाले. फिल्म संपली आणि टाळ्या लागल्या त्या थांबेनात.

पाटी वाजवणाऱ्या जुन्या पोरानं माइक आईपुढं धरला. "मावशी, इतकं झकास काम कसं केलं?"

आईनं आधी लेकीकडं बघितलं, मग पडद्याकडं.

"हे तर सगळं मधलंच दावलं," ती म्हणाली. "मी काम केलंय, ते कवा दावणार?"