नानांना ठाऊक असलेली गोष्ट

शेजारच्या मळ्यातल्या नानांनी बांधावरून विचारलं, "घड कधी उतरवतो रे?" तेव्हा "उद्या" एवढंच सांगायचं होतं. पण मी उगाच आभाळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "बघू. एवढी घाई काय, नाना?" म्हटलं, बोलण्याला जरा वजन येईल. आलं.

स्वातंत्र्याला पाचसहा वर्षं झाली असतील. आमच्या रावेरची केळी हिरवी कापायची, बैलगाडीनं स्टेशनावर न्यायची आणि वॅगनीत भरून दिल्लीकडे धाडायची. वॅगन आली नाही तर कापलेला माल फलाटावर सडतो. कापलाच नाही तर झाडावर पिवळा होतो आणि त्याला दिल्ली बंद. त्या वर्षी माल गेला की चुलीवरचं गळकं छप्पर काढून पत्रे घालायचे, असा शब्द मी बायकोला दिला होता.

माझा मेहुणा स्टेशनात कारकून. त्यामुळे नानांनी ताडलं, हा थांबलाय म्हणजे याला आतली खबर आहे; वॅगन येत नाही. त्यांनी मजूर परत पाठवले. ते पाहून मीही डोकं चालवलं. चाळीस वर्षं केळीत घालवलेला माणूस थांबतो, म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक असणारच! मीही मजूर परत पाठवले. माझंच अज्ञान नानांच्या चेहऱ्यावर अनुभव होऊन बसलं होतं आणि मी रोज सकाळी त्याचं दर्शन घेत होतो.

गावच्या गाड्या भरभरून स्टेशनाकडे चालल्या होत्या.

"बिचारे," नाना म्हणायचे.

"बिचारेच," मी म्हणायचो.

बायकोचं माहेर पिंपळनेरकडचं. चिडली की तिकडचं बोलते. "मना भाऊले इचारा ना!"

"तुझ्या भावाला विचारलं, की नानांना कळेल मला काही ठाऊक नाही." इतकी दूरदृष्टी होती माझ्याकडे.

वॅगनी आल्या, भरल्या, गेल्या. आठवड्यात दोन्ही मळे पिवळे झाले. नाना टोपलीभर पिकली केळी घेऊन दारात उभे. बायकोनं टोपली ओट्यावर रिकामी केली, आमच्या ढिगातून भरली आणि परत दिली.

"तुले कोनी सांगितलं, वॅगन येत नाही म्हनून?" नानांनी मला विचारलं.

"तुम्हीच की, नाना."

नाना टोपली उचलून गेले. बायको दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मले वाटनं, तुम्ही नि नाना, दोन्हीस्मा एकले तरी अक्कल व्हई."