नातीसाठी हलकी नळी

बंदुका दुरुस्त करणारा ऑरिन कोणावरच विश्वास ठेवत नसे. नळीवर कोरलेला काडतुसाचा आकडासुद्धा तो स्वतः मोजल्याशिवाय मानत नसे.

डेलमार आपली एकबारी रायफल घेऊन आला. जन्मभर त्याने तिनेच एल्क हरणं पाडली होती.

"हिला लहान काडतुसाची नळी बसव. धक्का कमी बसायला हवा. नातीला शिकवायचंय."

ऑरिनचे कान टवकारले. मोठं काडतूस खांद्याला झेपत नाही, हे मोंटानातला शिकारी मेला तरी कबूल करत नाही.

"तुझी नात तर मांसच खात नाही ना?"

"आता खाते."

"मग लाकडी दस्ताही आखूड करतो. पोरीचे हात ते केवढे!"

"दस्त्याला हात लावू नकोस!" डेलमार उजवा खांदा चोळत म्हणाला.

"लबाडा, नातीचे हात थेट तुझ्याएवढे आहेत होय?"

डेलमारने भिंतीवर टांगलेल्या ऑरिनच्या रायफलीकडे बोट दाखवलं. तिची नळीही नवी होती, लहान काडतुसाची. "ती तू बायकोसाठी केलीस म्हणे. व्हर्ना कधीपासून शिकारीला जायला लागली रे?"

ऑरिनने मोजपट्टी उचलली.

"दस्ता राहू दे तसाच," तो पुटपुटला. "नात काय, वाढेलच."