अडतीस तासांचं घड्याळ

हे मी चार वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. गेल्या रविवारी सांगितलं — आणि आता तुम्हाला सांगतो.

मला तुलना करायची खोड आहे. साधा पाण्याचा पंप घेतानाही मी वहीत रकाने पाडतो. मग आयुष्यात एकदाच घ्यायचं ते भारी, सेलशिवाय, चावीवर नि हाताच्या हालचालीवर चालणारं घड्याळ मी कसं घेतलं असेन? त्याचे दोन प्रकार होते. बाहेरून अगदी सारखे, आतलं मशीन वेगळं. जुनं मशीन हातातून काढल्यावर अडतीस तास चालायचं, नवं सत्तर. मी चौदा रकाने भरले. नवंच घ्यायचं ठरवलं, पुण्याला जाऊन घेतलं आणि गावभर सांगितलं — सत्तर तास!

शुक्रवारी संध्याकाळी सहाला काढून ठेवलं. रविवारी सकाळी आठला ते बंद पडलं. मोजा तुम्हीच.

बिघाड असेल — असावाच, असं वाटून जुन्नरला बशीरभाईंकडे नेलं. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. त्यांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि हळूच म्हणाले, "बिघाड नाय, भाऊ. जुनं मशीन हाय." घरी येऊन पावती पाहिली. मॉडेल नंबरातला शेवटचा आकडा वेगळा होता. चौदा रकाने भरणाऱ्यानं तो एक आकडा पाहिला नव्हता.

इथवर नुसती चूक. पुढे काय केलं? ते कुणासमोर बंद पडू नये म्हणून मी रोज लपून चावी देऊ लागलो. बशीरभाई कुणाला काही बोलले नाहीत.

मग बोरीचा माझा मेहुणा दत्ता — त्यालाही तसंच घड्याळ हवं होतं — माझं पारखायला घेऊन गेला. शुक्रवारी रात्री कपाटात ठेवलं, सोमवारी सकाळी बंद. त्यानं विचारलं. आणि मी म्हणालो — हे लिहितानाही हात अडतो — मी म्हणालो, "बशीरभाईंनी उघडलं होतं, तेव्हापासून बिघडलंय."

दत्तानं ते बोरीभर केलं. बशीरभाईंची तिथली गिऱ्हाइकं तुटली. त्यांच्या कानावर गेलंच असणार. तरी रस्त्यात भेटले की तेच आधी नमस्काराला हात उचलायचे. मी काय करायचो? घड्याळात पाहायचो.

गेल्या रविवारी दत्ताला आणि बोरीच्या चौघांना घेऊन मी त्यांच्या दुकानात गेलो. झाकण उघडायला लावलं. भिंग दत्ताच्या हातात दिलं, मशीनवरचा नंबर त्यालाच वाचायला लावला आणि सगळं सांगितलं, खोट्यासकट.

"दाजी, तुमी? तुमी चुकला व्हय?" दत्ताला आधी हसूच आलं. मग त्यानं बशीरभाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

बशीरभाईंनी झाकण बसवलं, काच पुसली. "चोख चालतंय," ते म्हणाले. "पयल्यापासून चोखच व्हतं." मोठ्यानं म्हणाले, बाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं.

चौघांपैकी एकानं तिथंच मनगटावरचं घड्याळ काढून दुरुस्तीसाठी त्यांच्यापुढे ठेवलं. राव, घड्याळ घेतलं त्या दिवशीही माझी छाती जितकी फुगली नव्हती, तितकी त्या क्षणी फुगली — माझ्यासाठी नाही, बशीरभाईंसाठी.

आज पुन्हा रविवार. परवा संध्याकाळी सहाला घड्याळ काढून बैठकीत, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं होतं. चावी दिली नाही. सकाळी आठला ते थांबलं. बरोबर अडतीस तास.